डिजिटल दाखला : तो बनतो कसा आणि त्यावर सही होते कशी?



सातबाऱ्याचा उतारा आता घरबसल्या संगणकावर मिळू लागला आहे. त्यावर तलाठ्याची शाईची सही नसते आणि गोल शिक्काही नसतो. उतारा डिजिटल स्वाक्षरीने दिलेला असल्यामुळे सही-शिक्क्याची आवश्यकता नाही, एवढेच खाली छापलेले असते. असा सरकारी कागद संगणकावर उघडला की पुष्कळदा सहीच्या जागी पिवळे प्रश्नचिन्ह दिसते. मग सभासद तो कागद घेऊन गटकार्यालयात येतात आणि विचारतात, "साहेब, हा उतारा खरा का खोटा?"

दुसरी गोष्ट यूएसबी टोकनची. सोसायटीचे पदाधिकारी, ठेकेदार, छोट्या कंपन्यांचे भागीदार अशा अनेकांना हल्ली पेनड्राइव्हसारखे दिसणारे हे टोकन घ्यावे लागते. ई-निविदा भरायची तर ते लागते आणि कंपनीचे कागद दाखल करायचे तरी ते लागते. पण टोकन पडून असते हिशेबनिसाच्या खणात आणि त्याचा पिन नंबर चिठ्ठीवर लिहून त्यालाच चिकटवलेला! आपली सही आपण दुसऱ्याच्या खणात ठेवली आहे, हे किती जणांच्या ध्यानात येते?

या दोन्ही गोष्टींच्या मुळाशी आहे डिजिटल दाखला, म्हणजेच इंग्रजीत ज्याला सर्टिफिकेट म्हणतात तो. हा दाखला कुणी टाइपरायटरवर बडवत नाही, संगणकाच्या भाषेत लिहिलेला कार्यक्रम तो तयार करतो. आमच्या संगणक विभागात बसून आम्ही असा दाखला पायथन नावाच्या भाषेत प्रत्यक्ष तयार करून पाहिला. त्यात काय काय घडते, ते सभासदांच्या माहितीसाठी येथे देत आहोत. विषय नवा वाटला तरी अवघड मुळीच नाही. ज्याला ऊसबिलाची वजावट कळते त्याला हेही कळेल.

सही कशासाठी असते?

काटापावतीचे उदाहरण घेऊ. गाडी काट्यावर गेली, भरलेले वजन झाले, गाडी रिकामी होऊन आली, रिकामे वजन झाले आणि पावती हातात पडली. त्या पावतीवर कारकुनाची सही कशासाठी? कारणे दोन. ही पावती कारखान्याच्याच काट्यावरची आहे, चहाच्या टपरीवर बसून कुणी लिहिलेली नाही, हे पहिले. आणि सही झाल्यावर त्यातला आकडा कुणी बदललेला नाही, हे दुसरे. कागदावर खाडाखोड दिसते म्हणून आपण ती ओळखतो.

संगणकात मात्र खाडाखोड दिसत नाही. १२.४५० टनाचे १२.५४० केले तर नवा आकडा जुन्याइतकाच स्वच्छ दिसतो. सहीचे चित्र काढून एका कागदावरून दुसऱ्यावर चिकटवले तरी कुणाला पत्ता लागत नाही. म्हणून संगणकाच्या कागदाला शाईच्या सहीची नक्कल चालत नाही. तेथे सहीच अशी हवी की ती त्या मजकुराशी बांधलेली असेल. मजकूर एका अक्षराने हलला की सही मोडलीच पाहिजे.

दोन किल्ल्यांची युक्ती

अशी सही करण्याची वाट १९७६ साली अमेरिकेतील व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी दाखवली. कुलपाला एकच किल्ली असते हा आपला अनुभव, पण त्यांनी मांडले की किल्ल्यांची जोडी करावी. एक गुप्त ठेवावी, दुसरी चावडीवर जाहीर करावी. पुढच्याच वर्षी, १९७७ साली, रिव्हेस्ट, शमिर आणि एडलमन या तिघांनी अशी जोडी आकड्यांतून प्रत्यक्ष कशी करायची ते शोधून काढले. त्यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून तिला आरएसए पद्धत म्हणतात.

हे कोडे पाटीवर मांडून पाहण्यासारखे आहे. ३ आणि ११ हे दोन मूळ आकडे घ्या. त्यांचा गुणाकार ३३. आता दोन्हींतून एकेक वजा करून गुणाकार करा : २ गुणिले १०, म्हणजे २०. ज्यांच्या गुणाकाराला २० ने भागले की बाकी १ उरते असे दोन आकडे शोधा. ३ आणि ७ चालतात, कारण ३ साते २१. झाली किल्ल्यांची जोडी! ३३ आणि ३ जाहीर करायचे, ७ गुप्त ठेवायचा.

समजा, आपल्याला ४ या आकड्यावर सही करायची आहे. गुप्त किल्ली ७, म्हणून सात वेळा ४ मांडून त्यांचा गुणाकार करा. तो येतो १६,३८४. त्याला ३३ ने भागा, बाकी उरते १६. हा १६ म्हणजे आपली सही. आता तपासणारा काय करतो? त्याच्याकडे जाहीर किल्ली ३ आहे. तो तीन वेळा १६ मांडून गुणतो. उत्तर ४,०९६. त्याला ३३ ने भागले की बाकी ४. मूळ आकडा परत मिळाला, सही खरी! मधे कुणी ४ चा ५ केला असेल तर तपासणाऱ्याच्या हाती बाकी ४ च येईल आणि लबाडी जागेवर उघडी पडेल.

आता कुणी म्हणेल, ३३ म्हणजे ३ गुणिले ११ हे शाळकरी पोरगंसुद्धा सांगेल, मग ७ शोधायला कितीसा वेळ? अगदी बरोबर. म्हणून प्रत्यक्षात ३३ च्या जागी २०४८ बिटांचा आकडा घेतात. तो लिहायचा तर ६१७ अंक लागतात. एवढ्या मोठ्या आकड्याचे मूळ दोन भाग शोधणे आजच्या संगणकांना आवाक्याबाहेरचे आहे. सगळी सुरक्षितता या एका गोष्टीवर उभी आहे.

मजकुराचा गोषवारा

पावतीवर नुसता ४ नसतो. नाव, गाव, गट नंबर, गाडी नंबर, वजन, वेळ असा भरपूर मजकूर असतो. एवढ्या सगळ्यावर हे गणित करत बसणे परवडत नाही. म्हणून आधी त्या मजकुराचा ठरावीक लांबीचा गोषवारा काढतात आणि सही त्या गोषवाऱ्यावर करतात. सध्या एसएचए-२५६ नावाची पद्धत सर्रास वापरतात. मजकूर एक ओळीचा असो की अख्ख्या हंगामाच्या हिशेबाचा, गोषवारा २५६ बिटांचाच निघतो.

साखर उताऱ्यासाठी आपण रसाचा नमुना काढतो, तसला हा नमुना नव्हे. नमुन्यात सगळा रस येत नाही. गोषवाऱ्यात मात्र प्रत्येक अक्षराचा, अंकाचा आणि टिंबाचा हिशेब धरलेला असतो. वजनातला एक अंक इकडचा तिकडे झाला की गोषवारा ओळखू न येण्याइतका बदलतो. आणि गोषवाऱ्यावरून मूळ मजकूर मागे काढता येत नाही, चिपाडापासून पुन्हा ऊस करता येत नाही तसा.

किल्ली कुणाची, हे कोण सांगणार?

येथपर्यंत सारे ठीक. पण खरा प्रश्न पुढेच आहे. जाहीर किल्ली चावडीवर लावली, पण ती आपल्या कारखान्याचीच आहे हे कशावरून? एखादा भामटा स्वतःची किल्ली पुढे करून "ही घ्या कारखान्याची किल्ली" म्हणाला तर? त्याने केलेली सही त्याच्या किल्लीने तपासली की बिनचूक जुळणारच.

यावरचा तोडगा १९७८ साली एका विद्यार्थ्याने सुचवला. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत शिकणाऱ्या लॉरेन कोनफेल्डर याने आपल्या पदवीच्या प्रबंधात मांडले की, नाव आणि जाहीर किल्ली एकत्र लिहून त्यावर विश्वासू तिसऱ्याने सही करून द्यावी. हाच डिजिटल दाखला. १९८८ साली त्याचा नमुना आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरवण्यात आला. त्याला एक्स-५०९ म्हणतात आणि सुधारणा होत होत तोच नमुना आजही चालू आहे.

आपला भागाचा दाखला, म्हणजे शेअर सर्टिफिकेट, घरच्या ट्रंकेतून काढून पाहा. त्यावर सभासदाचे नाव आहे, अनुक्रमांक आहे, देणाऱ्या कारखान्याचे नाव आहे, तारीख आहे, खाली अधिकृत सह्या आणि कारखान्याची मोहोर आहे. डिजिटल दाखल्यातही हेच रकाने असतात : दाखला कुणाला, कुणी दिला, अनुक्रमांक काय, कधीपासून कधीपर्यंत चालेल. जादा एवढेच की त्यात त्या माणसाची जाहीर किल्ली असते आणि खाली मोहोरेऐवजी देणाऱ्याची डिजिटल सही असते.

पायथनमध्ये दाखला कसा बनतो?

पायथन ही संगणकाची भाषा गिडो व्हॅन रॉसम यांनी १९९१ साली प्रसिद्ध केली. तिच्यात या कामासाठी क्रिप्टोग्राफी नावाचा तयार आदेशांचा संच फुकट मिळतो. काम पाच पायऱ्यांत होते.

पहिली पायरी किल्ल्यांची. एका आदेशासरशी संगणक २०४८ बिटांची जोडी काढून देतो. जाहीर किल्लीतला लहान आकडा, जो आपल्या पाटीवर ३ होता, तो येथे बहुतेक वेळा ६५५३७ असतो. गुप्त किल्ली फाइलमध्ये ठेवायची असेल तर तिला परवलीचा शब्द लावूनच ठेवायची. उघडी ठेवली तर जामदारखान्याच्या किल्ल्या ओसरीवर टांगल्यासारखे होईल.

दुसरी पायरी मूळ दाखल्याची. सगळ्यांना दाखले देणारा जो वडीलधारा, त्याचा स्वतःचा दाखला आधी लागतो. त्याला कोण दाखला देणार? कुणीच नाही. तो स्वतःच स्वतःला देतो. दाखला कुणाला आणि कुणी दिला, या दोन्ही रकान्यांत एकच नाव असते. म्हणून त्याच्यावरचा विश्वास दाखला वाचून येत नाही, तो बाहेरूनच ठरवावा लागतो. हा मुद्दा सभासदांनी ध्यानात ठेवावा, पुढे लागणार आहे.

तिसरी पायरी अर्जाची. समजा, काटा क्रमांक एकसाठी दाखला हवा आहे. काट्याचा संगणक स्वतःची जोडी काढतो, नाव व जाहीर किल्ली अर्जात घालतो आणि अर्जावर आपल्या गुप्त किल्लीने सही करतो. त्यामुळे या जाहीर किल्लीची जोडीदार किल्ली खरोखर अर्जदाराकडेच आहे हे कळते. गुप्त किल्ली अर्जाबरोबर पाठवायची नसते. ती जिथे जन्मली तिथेच राहिली पाहिजे. कुणी "दाखल्यासाठी तुमची गुप्त किल्ली द्या" म्हणाला तर तो एकतर अडाणी किंवा लबाड समजावा.

चौथी पायरी दाखला भरण्याची आणि सहीची. येथे सर्टिफिकेट बिल्डर नावाचा कोरा फॉर्म मिळतो आणि त्यात एकेक रकाना भरत जायचे. नाव, देणारा, किल्ली, अनुक्रमांक किंवा मुदत यांपैकी एखादा रकाना राहिला तर तो सही करण्यास साफ नकार देतो. मुदत संपण्याची तारीख सुरू होण्याच्या तारखेआधीची टाकली तरी अडवतो. चोख कारकुनासारखे त्याचे काम आहे! शेवटी सहीचा आदेश देताना मूळ दाखलेवाल्याची गुप्त किल्ली आणि गोषवाऱ्याची पद्धत सांगायची. नवशिके येथे अर्जदाराचीच किल्ली देऊन बसतात. तसे केले तर दाखला तयार होतो खरा, पण तपासताना फेटाळला जातो, कारण देणाऱ्याच्या नावाशी सही जुळत नाही.

पाचवी पायरी तपासणीची. दाखल्याच्या मजकुराचा गोषवारा पुन्हा काढायचा, देणाऱ्याच्या जाहीर किल्लीने सही उलगडायची आणि दोन्ही जुळतात का पाहायचे. आम्ही मुद्दाम तयार दाखल्यातले एक अक्षर बदलून पाहिले. संगणकाने तो दाखला लगेच नाकारला.

छोट्या वाटणाऱ्या तीन गोष्टी

फॉर्म भरताना तीन रकाने किरकोळ वाटतात, पण ते तसे नाहीत.

एक, वेळ. दाखल्यातली वेळ भारतीय धरत नाहीत, जागतिक प्रमाणवेळ धरतात आणि ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे आहे. घड्याळाकडे पाहून सकाळी १० अशी नुसती वेळ टाकली, तर दाखला लागू होतो दुपारी साडेतीनला! तोवर सगळे तपासणारे म्हणतात, दाखला अजून सुरूच झालेला नाही.

दोन, अनुक्रमांक. आपल्याला १, २, ३ असे ओळीने नंबर द्यायची सवय. येथे नंबर आधी ओळखू येणार नाही असा वेडावाकडा घ्यावा लागतो. त्याचे कारण असे : २००८ सालच्या डिसेंबरात काही संशोधकांनी सुमारे २०० प्लेस्टेशन-३ हे खेळायचे संगणक जोडून एक बनावट दाखला करून दाखवला आणि तो ब्राउझरनी खरा मानला. त्या काळी काही ठिकाणी एमडी-५ नावाची गोषवाऱ्याची कच्ची पद्धत चालू होती आणि एका संस्थेचे अनुक्रमांक ओळीने पडत होते. पुढचा नंबर आधीच ठाऊक असल्यामुळे त्यांना डाव साधता आला. तेव्हापासून ती पद्धत आणि ओळीचे नंबर दोन्ही बाद झाले. त्यानंतर आलेली एसएचए-१ पद्धतही २०१७ साली फोडून दाखवण्यात आली. आपण एसएचए-२५६ का वापरतो, याचे उत्तर येथे आहे.

तीन, अधिकार. दाखल्यात स्पष्ट लिहावे लागते की, हा दाखला धारण करणारा दुसऱ्याला दाखले देऊ शकतो की नाही. आपल्या नावाचा भागाचा दाखला अस्सल आहे, म्हणून काही आपल्याला घरी बसून इतरांना भाग विकता येत नाहीत. तो अधिकार कारखान्याचा. २००२ साली मॉक्सी मार्लिनस्पाइक यांनी दाखवून दिले की, त्या वेळचा इंटरनेट एक्सप्लोरर हा रकाना तपासतच नव्हता. त्यामुळे कोणताही साधा दाखलाधारक बँकेच्या नावानेसुद्धा दाखला काढू शकत होता! रकाना होता, पण कुणी वाचत नव्हते. आपल्याकडच्या कितीतरी नियमांची हीच गत नाही का?

पिवळे प्रश्नचिन्ह म्हणजे काय?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. भारतात माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० हा १७ ऑक्टोबर २००० पासून अमलात आला आणि डिजिटल सहीला शाईच्या सहीइतकी कायदेशीर मान्यता मिळाली. या कायद्याखाली केंद्र सरकारने कंट्रोलर ऑफ सर्टिफाइंग ऑथॉरिटीज, म्हणजे दाखले देणाऱ्या संस्थांचा नियंत्रक, नेमला आहे. देशाचा मूळ दाखला त्यांच्याकडे. ते परवानाधारक संस्थांना दाखले देतात आणि त्या संस्था माणसांना व कार्यालयांना देतात. पुण्यात मुख्यालय असलेली सी-डॅक ही अशा परवानाधारक संस्थांपैकी एक आहे.

म्हणजे उताऱ्यावरची सही तपासताना संगणक साखळीने वर चढत जातो. सही कुणाची, त्याला दाखला कुणी दिला, त्या देणाऱ्याला कुणी दिला, असे करत तो मूळ दाखल्यापाशी पोहोचतो. तेथे मात्र वर कुणी नाही. आपल्या संगणकातल्या विश्वासू मूळ दाखल्यांच्या यादीत भारताच्या नियंत्रकांचा दाखला नसेल, तर संगणक म्हणतो, "सही आहे, पण या वडीलधाऱ्याला मी ओळखत नाही." हेच ते पिवळे प्रश्नचिन्ह. त्याचा अर्थ उतारा खोटा असा नव्हे. नियंत्रकांच्या अधिकृत संकेतस्थळावरचा मूळ दाखला एकदा विश्वासू यादीत घातला, की खऱ्या सहीवर हिरवी खूण येते. मजकूर बदललेला असेल तर मात्र संगणक सही अवैध असल्याचे स्पष्ट सांगतो. या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

हा मूळ दाखला व्हॉट्सॲपवर आलेल्या फाइलमधून कधीही घेऊ नये. चुकीच्या वडीलधाऱ्याला यादीत घेतले, तर त्याची सगळी खोटी पिलावळ खरी ठरेल.

कुंपणच शेत खाते तेव्हा

साखळीतला वरचाच दुवा कुजला तर? असे घडलेले आहे. नेदरलँड्समधील डिजिनोटार ही दाखले देणारी संस्था. २०११ साली तिच्या संगणकांत चोर शिरले आणि त्यांनी पाचशेहून अधिक खोटे दाखले काढले. त्यात गूगलच्या नावाचाही एक होता आणि तो वापरून इराणमधील लोकांच्या दळणवळणावर पाळत ठेवण्यात आली. डच सरकारची संकेतस्थळेही याच संस्थेचे दाखले वापरत होती. बोभाटा झाल्यावर ब्राउझरवाल्यांनी संस्थेचे नाव आपल्या यादीतून काढले आणि सप्टेंबर २०११ मध्ये ती दिवाळखोरीत निघाली.

आपल्या देशातही २०१४ च्या जुलैत गूगलच्या काही संकेतस्थळांच्या नावाने अनधिकृत दाखले निघाल्याचे उघडकीस आले. ते राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या दाखले देणाऱ्या शाखेतून निघाले होते. नियंत्रकांनी त्या शाखेचे दाखले रद्द केले.

म्हणून दाखला देऊन काम संपत नाही. रद्द झालेल्या दाखल्यांची यादी ठेवावी लागते आणि तपासणाऱ्याने ती पाहावी लागते. शिवाय मुदतही आखूड ठेवतात, म्हणजे चोरी झाली तरी नुकसान थोडक्यात आटोपते. संकेतस्थळांच्या दाखल्यांना १ सप्टेंबर २०२० पासून जास्तीत जास्त ३९८ दिवसांची मुदत ठरली होती. एप्रिल २०२५ मध्ये झालेल्या निर्णयानुसार ती १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस अशी टप्प्याटप्प्याने खाली येते. दर दीड महिन्याला दाखला बदलायचा तर हाताने करणे कसे जमणार? म्हणून हे काम कार्यक्रम लिहूनच करावे लागते. हाताने ऊसबिले काढायचे दिवस गेले, तसेच हे.

काटापावतीवर अशी सही झाली तर?

हा प्रश्न आपल्या जिव्हाळ्याचा आहे. काटा, पावती आणि संशय हे त्रिकूट ऊसधंद्यात जुने आहे. काट्याच्या संगणकाने वजन झाल्याबरोबर पावतीवर डिजिटल सही केली, तर पुढे बिलापर्यंत कुठेही आकडा बदलता येणार नाही. बदललाच तर सभासदाला आपल्या मोबाइलवर तो पकडता येईल. पायथनमध्ये हे करणे कठीण नाही, ते वर आपण पाहिलेच.

पण येथे सभासदांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. डिजिटल सही एवढेच सांगते की, हा आकडा या काट्याने दिला आणि नंतर तो बदललेला नाही. काटाच मुळात कमी दाखवत असेल, तर सही त्या खोट्या वजनावर तितक्याच इमानाने होईल. सही खोट्याला खरे करीत नाही, खोटे कुणी सांगितले तेवढे मात्र पक्के नोंदवून ठेवते. काटा बरोबर आहे की नाही हे पाहणे वैधमापन शास्त्र विभागाचे आणि आपल्या डोळ्यांचे काम. ते कोणताही कार्यक्रम करून देणार नाही.

आणि अशी योजना कधी पुढे आली, तर सभासदांनी वार्षिक सर्वसाधारण सभेत तीन प्रश्न जरूर विचारावेत. मूळ गुप्त किल्ली कुणाच्या ताब्यात राहणार? ती एकट्याच्या हाती राहणार की दोघांनी मिळून उघडायची? आणि चोरी झाल्यास दाखला रद्द करून सभासदांना कळवायचे काम कुणाचे? मूळ किल्ली इंटरनेटला न जोडलेल्या यंत्रात कुलूपबंद ठेवावी आणि रोजच्या सह्या काट्याच्या वेगळ्या किल्लीने व्हाव्यात, ही जगभरची रीत आहे. या प्रश्नांची उत्तरे मिळत नसतील, तर सही डिजिटल असूनही फायदा शून्य.

टोकन असणाऱ्यांसाठी

डिजिटल सहीच्या टोकनातून गुप्त किल्ली बाहेर काढता येत नाही, सही टोकनाच्या आतच होते. म्हणून टोकन आणि पिन ज्याच्या हाती, सही त्याच्या हाती. कायद्याच्या ४२ व्या कलमाप्रमाणे गुप्त किल्ली सांभाळण्याची वाजवी काळजी धारकाने घ्यायची आहे. ती दुसऱ्याच्या हाती गेल्यास दाखला देणाऱ्या संस्थेला विनाविलंब कळवायचे आहे आणि असे कळवेपर्यंत जबाबदारी धारकाचीच राहते. हिशेबनीस कितीही घरचा असला तरी हे कलम बदलत नाही.

तेव्हा टोकन स्वतःजवळ ठेवावे. पिन लिहून ठेवू नये आणि कुणी फोनवर विचारला तर सांगू नये. दुसऱ्याने तयार केलेला कागद सही करण्यापूर्वी पडद्यावर पूर्ण वाचावा. टोकन हरवले तर शोधाशोधीत आठवडा घालवू नये, आधी दाखला रद्द करण्यास कळवावे आणि मग शोधत बसावे. मुदत कधी संपते ते वहीत लिहून ठेवावे, नाहीतर निविदेच्या शेवटच्या दिवशी धावपळ होते.

आणि उताऱ्याबाबत एक सूचना. डिजिटल सही संगणकाच्या फाइलमध्ये असते, छापलेल्या कागदावर दिसते ते तिचे नुसते चित्र. म्हणून डाउनलोड केलेली मूळ फाइल मोबाइलमध्ये किंवा मुलाच्या संगणकावर जपून ठेवावी. छापील प्रत कुणी पुढे केली, तर तिच्यावरच्या पडताळणी क्रमांकावरून अधिकृत संकेतस्थळावर खातरजमा करून मगच व्यवहाराला बसावे. जमिनीच्या व्यवहारात पाच मिनिटांची तपासणी पाच वर्षांच्या कोर्टकज्ज्यापेक्षा केव्हाही स्वस्त पडते.